आकडा हाती येण्यापूर्वी



वसंत ऋतूतल्या संध्याकाळी, बाहेर मोगरा फुललेला असताना, आकडेवारीसारख्या विषयावर बोलावयास उभे राहणे हे थोडे धाडसाचेच काम आहे. काल याच व्यासपीठावरून आपण संतवाङ्मयाविषयी ऐकलेत, उद्या संगीताविषयी ऐकणार आहात, आणि या दोहोंच्या मध्ये मी तक्ते, रकाने आणि बेरजा घेऊन आलो आहे. जेवणाच्या पंगतीत दोन पक्वान्नांच्या मध्ये कोणी कडू कारले वाढावे, तसे काहींस वाटले तर मी त्यांस दोष देणार नाही.

संयोजकांनी जेव्हा मला विषय सुचवला, तो असा : नवशिक्याने माहिती कशी गोळा करावी, आणि ती विश्लेषणासाठी कशी तयार करावी. मी प्रथम नाही म्हटले. हा वर्गात शिकवण्याचा विषय आहे, सभेत सांगण्याचा नाही, असे मला वाटले. पण घरी आल्यावर विचार केला, आणि माझे मत बदलले. एके काळी आकडे गोळा करणे हे सरकारी कचेऱ्यांचे आणि विद्यापीठांचे काम होते. आज तसे राहिलेले नाही. बचत गटाची चिटणीस आकडे गोळा करते, शाळेतले गुरुजी करतात, गृहनिर्माण संस्थेचे पदाधिकारी पाण्याच्या टँकरांचा हिशेब ठेवतात, आणि प्रत्येकाच्या खिशातल्या फोनमध्ये तक्ता भरण्याची सोय आहे. एकदा आकडे भरले की यंत्र क्षणात सरासरी काढते, रंगीत आलेख काढते. आलेख इतका देखणा असतो की तो पाहिल्यावर मूळ आकडे कोठून आले, हे विचारण्याचे कोणास भान राहात नाही. आपल्याकडे म्हण आहे, आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? पोहरे आज फार उत्तम मिळतात. मी आज आडाविषयी बोलणार आहे.

या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार कोणता? मी काही मोठा संख्याशास्त्रज्ञ नाही. महाविद्यालयात पुष्कळ वर्षे हा विषय शिकवला, एवढेच. पण खरा अधिकार विचाराल, तर माझ्या हातून तरुणपणी घडलेली एक चूक, हाच होय. ती आधी सांगतो.

१९७२ च्या दुष्काळातली गोष्ट. मी तेव्हा शिकत होतो. माणदेशातल्या काही गावांत जनावरांची मोजणी करून चारा वाटण्यासाठी याद्या करावयाच्या होत्या, आणि त्या कामी आम्ही काही विद्यार्थी गेलो होतो. माझ्या वाट्यास शंभर-सव्वाशे उंबऱ्यांचे एक गाव आले. हातात एक छापील तक्ता होता : कुटुंबप्रमुखाचे नाव, बैल, गाई, म्हशी, शेळ्या. सकाळी नऊच्या सुमारास मी गावात शिरलो आणि दिवस मावळण्यापूर्वी परतलो. दारोदार हिंडलो, कोणताही उंबरा चुकवला नाही. तीसएक घरांना कुलूप होते. माणसे दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली होती. त्या घरांपुढचे रकाने मी रिकामे ठेवले.

इथपर्यंत माझे काही चुकले नव्हते. चुकले ते रात्री. कंदिलाच्या उजेडात बेरजा करू लागलो, तेव्हा ते रिकामे चौकोन माझ्या डोळ्यांना खुपू लागले. तक्ता अर्धवट दिसत होता, आणि अर्धवट तक्ता देणे मला कमीपणाचे वाटले. मी त्या प्रत्येक रिकाम्या चौकोनात एकेक शून्य भरले. तक्ता पूर्ण झाला, बेरीज जुळली, अक्षर चांगले होते, माझी शाबासकीही झाली.

आठ-दहा दिवसांनी गावात चारा आला, तो यादीबरहुकूम. त्यानंतर मी शेजारच्या गावी जाताना त्या वाटेने गेलो, तेव्हा चावडीपाशी एका म्हातारीने मला गाठले. ती ओरडली नाही, भांडली नाही. एवढेच म्हणाली, "लेकरा, दाराला कुलूप बघितलंस, अन् कागदावर आमची बैलं मारून टाकलीस व्हय? शेजारी इचारायचं तरी हुतंस."

दुसऱ्या दिवशी मी पहाटे, माणसे कामावर जाण्यापूर्वी, पुन्हा गेलो. ज्या घरांना कुलूप होते ती बहुतेक लहान शेतकऱ्यांची होती. त्यांनी बैल विकले नव्हते, आणि ते जगावेत म्हणूनच घरातली सगळी माणसे खडी फोडीत होती. म्हणजे ज्यांना चाऱ्याची निकड सर्वांत अधिक, नेमके तेच माझ्या यादीत शून्य झाले होते. यादी दुरुस्त झाली, पुढच्या खेपेस चारा आला. पण मधल्या दिवसांत त्या म्हातारीच्या घरच्या जोडीतला एक बैल मिळेल त्या किमतीस बाजारात गेला होता. तो काही दुरुस्त झालेल्या यादीने परत आला नाही.

या गोष्टीत आजच्या विषयातले बहुतेक सगळे आले आहे. बेरीज बरोबर होती. गणित कोठेही चुकले नव्हते. चुकले ते गणित सुरू होण्यापूर्वी.

आता हे थोडे उकलून पाहू. समजा, दहा घरे आहेत. सात घरांनी प्रत्येकी दोन जनावरे सांगितली, तीन घरे बंद. शून्य भरले, तर चौदा भागिले दहा, सरासरी एक पूर्णांक चार. बंद घरे सोडून दिली, तर चौदा भागिले सात, सरासरी दोन. हा दुसरा आकडा पहिल्यापेक्षा बरा, पण तोही खरा असेलच असे नाही. कारण बंद घरे उघड्या घरांसारखीच आहेत, हे आपण गृहीत धरले. त्या तीन घरी प्रत्येकी तीन जनावरे निघाली, तर खरी सरासरी दोन पूर्णांक तीन. एकाच गावाच्या तीन सरासऱ्या! आणि हा फरक भागाकाराचा नाही, रिकाम्या चौकोनाला आपण काय समजलो याचा आहे. म्हणून नवशिक्याने पहिला धडा हा गिरवावा की, 'नाही', 'माहीत नाही' आणि 'विचारलेच नाही' ही तीन वेगवेगळी उत्तरे आहेत, आणि तक्त्यात त्यांना तीन वेगवेगळ्या खुणा पाहिजेत. पर्जन्यमापकाची नोंद ठेवणाऱ्यास हे चांगले ठाऊक असते. पाऊस पडला नाही त्या दिवशी तो शून्य लिहितो. ज्या दिवशी तो मापकापाशी गेलाच नाही, त्या दिवशी शून्य लिहिले, तर तो आकाशाच्या नावावर स्वतःचा आळस खपवतो. आणि वर दुसऱ्या दिवशीच्या मापात दोन दिवसांचा पाऊस एकत्र मोजला जातो, तो निराळाच.

पण रकाने भरण्याच्याही आधी एक पायरी आहे. आपण काय मोजणार, हे ठरवणे. हे ऐकून कोणी हसेल. घरे मोजायची तर घरे मोजावीत, त्यात ठरवायचे काय? पण घर म्हणजे काय? एका वाड्यात तीन भाऊ राहतात. वाडा एक, दरवाजा एक, आडनाव एक. हे एक कुटुंब की तीन? आपल्या जनगणनेने यावर फार सुंदर तोड काढली आहे. जे एकत्र राहतात आणि ज्यांचे जेवण एका स्वयंपाकात होते, ते एक कुटुंब. आपल्या बायाबापड्या हेच फार पूर्वीपासून म्हणत आल्या आहेत : 'धाकट्याने चूल वेगळी केली.' ही व्याख्या आधी ठरली नाही, तर एक मोजणारा वाडा मोजील, दुसरा चुली मोजील, आणि दोघांच्या बेरजांची बेरीज कशाचीच असणार नाही. म्हणून घराबाहेर पडण्यापूर्वी एका कागदावर लिहावे : मला कोणत्या प्रश्नाचे उत्तर हवे आहे, त्यासाठी मी काय मोजणार आहे, आणि त्या शब्दाचा माझा अर्थ काय आहे. हा कागद पहिल्या पाच-दहा घरी वापरून पाहावा. तो फसतोच. मग तो सुधारावा, आणि नंतरच खऱ्या कामास हात घालावा.

दुसरा प्रश्न : कोणाकोणास विचारावयाचे? सगळ्यांना विचारणे शक्य असेल तर उत्तमच. पण पुष्कळदा ते शक्य नसते. तेव्हा आपण शितावरून भाताची परीक्षा करतो. ही म्हण सांगणाऱ्या गृहिणीस एक गोष्ट ठाऊक असते, ती म्हणीत आलेली नाही. ती शीत नुसते वरवरचे घेत नाही. आधी पळी तळापर्यंत फिरवते, मग घेते. वरचा भात शिजलेला आणि तळचा करपलेला असू शकतो.

ही पळी न फिरवल्यामुळे केवढी फजिती होते, याचा प्रसिद्ध दाखला अमेरिकेत १९३६ साली घडला. 'लिटररी डायजेस्ट' नावाच्या साप्ताहिकाने अध्यक्षीय निवडणुकीपूर्वी सुमारे एक कोटी लोकांस मतपत्रिका पाठवल्या. तेवीस-चोवीस लाख भरून परत आल्या. एवढा अवाढव्य आकडा पाहून त्यांनी निःशंकपणे भाकीत केले की, लँडन निवडून येणार, रूझवेल्ट पडणार. प्रत्यक्षात अठ्ठेचाळीसपैकी शेहेचाळीस राज्ये रूझवेल्टनी जिंकली. असे का झाले? पत्ते घेतले होते ते मुख्यतः टेलिफोनच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांतून. मंदीच्या त्या दिवसांत ज्यांच्या घरी टेलिफोन आणि दारी मोटार, त्यांचे मत आणि बेकार मजुराचे मत एक कसे असावे? शिवाय पत्रिका मिळालेल्या चारांपैकी तिघांनी उत्तरच दिले नव्हते. त्यांच्या मौनाचा अर्थ कोणी लावला नाही. त्याच वेळी जॉर्ज गॅलप यांनी त्याच्या कितीतरी पट कमी, सुमारे पन्नास हजार लोकांस विचारून रूझवेल्ट येणार हे बरोबर सांगितले. भात किती घेतला याला महत्त्व आहेच. पण तो पातेल्याच्या कोणत्या थरातून घेतला, याला त्याहून अधिक आहे.

आपल्याच मुलखातला एक दाखला याच्या उलट, म्हणजे शहाणपणाचा आहे. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हेरॉल्ड मॅन यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाची शेतवार, घरवार पाहणी केली आणि १९१७ साली ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. आज त्या गावी उंच इमारती उभ्या आहेत. त्या काळी तो शेतकऱ्यांचा गाव होता. जमिनीचे तुकडे पडत चालले आहेत आणि नुसत्या शेतीवर बहुतेक कुटुंबांचे भागत नाही, हे त्या पाहणीतून आकड्यांनी दिसले. एखादा तेथेच थांबला असता, आणि म्हणाला असता, पाहा, दख्खनचे खेडे हे असे असते. पण मॅनसाहेबांनी स्वतःच शंका घेतली. हे गाव शहराला लागून. इथल्या माणसास शहरातली मजुरी मिळते. मग यावरून आतल्या भागातल्या खेड्याविषयी कसे बोलावे? म्हणून त्यांनी कानिटकर यांच्यासह शहरापासून दूरचे जातेगाव बुद्रुक हे दुसरे गाव घेतले आणि त्याचा अभ्यास १९२१ साली प्रसिद्ध केला. स्वतःच्याच निष्कर्षावर अशी शंका घेणे, हा या विद्येतला सर्वांत मोठा गुण आहे, असे मी समजतो.

तिसरी गोष्ट मोजणीतल्या चुकांची. पुष्कळांची अशी समजूत असते की चुका इकडे थोड्या, तिकडे थोड्या होतात आणि शेवटी एकमेकींस खाऊन टाकतात. काही चुका खरोखर तशा असतात. पण काही चुका एकाच बाजूला झुकतात, आणि त्या कितीही मोजण्या केल्या तरी नाहीशा होत नाहीत. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी जन्मलेले आपले थोर संख्याशास्त्रज्ञ डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी पिकांच्या बाबतीत हे दाखवून दिले. शेताचे उत्पन्न अजमावण्यासाठी शेतात एक लहानसा तुकडा आखून तेवढेच पीक कापतात आणि वजन करतात. १९४० नंतरच्या दशकात त्यांनी असे दाखवले की तुकडा फार लहान घेतला, तर उत्पन्नाचा अंदाज खऱ्यापेक्षा जास्त येतो. कारण साधे आहे. आखलेल्या रेषेवर जी रोपे येतात, ती आत धरावीत की बाहेर? कापणाऱ्याचा हात नकळत त्यांना आत ओढतो. आता एक हात लांब-रुंद चौकोन घ्या. क्षेत्र एक, पण कड चार हात. दहा हात लांब-रुंद घ्या. क्षेत्र शंभर, कड अवघी चाळीस हात. लहान तुकड्यात कडेचे प्रमाण मोठे, म्हणून कडेच्या चुकीचाही वाटा मोठा. यात कोणी लबाडी केली नव्हती. आणि असे हजार लहान तुकडे कापले, तरी उत्तर एकाच बाजूला चुकत राहणार. दुष्काळाच्या उंबरठ्यावर असलेल्या देशात धान्याचा अंदाज फुगून यावा, याचा अर्थ मी आपणांस सांगावयास नको.

मोजणारा चुकतो, तसा सांगणाराही चुकतो. आणि तो काही खोटे बोलत असतो असे नाही. आपल्या जनगणनांत वयांचे तक्ते पाहा. तीस, पस्तीस, चाळीस, पन्नास अशा, शून्यावर किंवा पाचावर संपणाऱ्या वयांशी माणसांची गर्दी दिसते, आणि एकोणचाळीस किंवा एकेचाळीस वर्षांची माणसे जणू देशात फारशी नाहीतच! ज्याने आपला जन्मदिवस कधी लिहिलेला पाहिला नाही, तो 'असेन चाळिशीचा' एवढेच सांगणार. अशा वेळी चांगला विचारणारा वय विचारीत नाही, आठवण विचारतो. "आजी, पानशेत फुटले तेव्हा तुम्ही शाळेत जात होता, की लग्न झाले होते? कोयनेचा भूकंप झाला तेव्हा थोरला मुलगा चालत होता का?" पानशेत १२ जुलै १९६१ चे, कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा. या दोन खुंट्यांवर एका आयुष्याची दोरी बांधता येते. तसेच मापांचे. कोणी जमीन एकरांत सांगतो, कोणी गुंठ्यांत. धान्य कोणी क्विंटलात, कोणी पायलीत. सांगणाऱ्याने जे सांगितले ते, त्याच्याच मापात, आधी तसेच लिहावे. चाळीस गुंठ्यांचा एकर करण्याचे काम नंतर, घरी, शांतपणे. दारात उभे राहून मनातल्या मनात केलेला भागाकार चुकला, तर तो पुढे कोणालाच सापडत नाही.

आणि सर्वांत सूक्ष्म चूक प्रश्नाची असते. आपण घरातल्या पुरुषास विचारतो, "मंडळी काय करतात?" तो म्हणतो, "काही नाही, घरीच असते." आपण लिहितो : काम नाही. त्याच वेळी ती बाई पाण्याचा हंडा डोक्यावर घेऊन आपल्या समोरून जात असते. २०१९ साली राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. तीत 'तुम्ही काम करता का' असे न विचारता, दिवसाच्या कोणत्या वेळी काय केले, हे विचारले. तेव्हा असे दिसले की, घरातली बिनमोल कामे करणाऱ्या स्त्रिया त्यांत दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे घालवतात, आणि ती कामे करणारे पुरुष ९७ मिनिटे. म्हणजे स्त्रीचे रोज जवळजवळ पाच तास. हे पाच तास काही त्या वर्षी निर्माण झाले नाहीत. प्रश्न बदलला, म्हणून दिसले.

आता समजा, माहिती गोळा झाली. ती विश्लेषणासाठी तयार कशी करावयाची? इथे मला आपल्या जुन्या व्यापाऱ्यांची पद्धत आदर्श वाटते. त्यांच्याकडे दोन वह्या असत. एक रोजकीर्द आणि दुसरी खतावणी. कीर्दीत घडेल तसे, घडेल त्या क्रमाने लिहावयाचे. खतावणीत तेच ज्याच्या त्याच्या खात्यावर लावून मांडावयाचे. कीर्दीत कधी खाडाखोड नाही. चूक झालीच, तर ती पुसावयाची नाही. दुसरी नोंद करून दुरुस्त करावयाची, म्हणजे चूक आणि दुरुस्ती दोन्ही डोळ्यांसमोर राहतात. नवशिक्याने नेमके हेच करावे. दारात लिहिलेला मूळ कागद, किंवा यंत्रात भरलेला मूळ तक्ता, ही आपली कीर्द. तिला हात लावू नये. तिची नक्कल काढावी आणि सगळी साफसफाई त्या नकलेत करावी, ती खतावणी. त्या खतावणीत एका ओळीत एकच कुटुंब, एका रकान्यात एकच बाब. 'दोन बैल, एक गाय, आजारी' असे एका चौकोनात कोंबले, की ते वाचता येते पण मोजता येत नाही. आणि तिसरी एक लहान वही ठेवावी : कोणत्या तारखेस, कोणता आकडा, का बदलला. १९७२ साली माझ्यापाशी ही तिसरी वही असती, आणि तीत 'बंद घरांना शून्य दिले' असे मला स्वतःच्या हाताने लिहावे लागले असते, तर मला वाटते माझा हात तिथेच थांबला असता.

साफसफाई म्हणजे काय, हे आपल्या घरच्या सुपात पाहावे. तांदूळ निवडताना खडा काढतात, कोंडा पाखडतात. पण दाणा इतरांहून लांब आहे किंवा रंगाने वेगळा आहे, एवढ्यासाठी कोणी तो फेकीत नाही. आधी हातात घेऊन पाहतात. आकड्यांचे तसेच. एका घराचे वय '४१२' लिहिले आहे. हा उघड खडा, बहुधा ४१ किंवा ४२ लिहिताना बोट घसरले. पण म्हणून तो आपल्या मनाने ४१ करावयाचा नाही. मूळ कागद पाहावा, नाहीतर पुन्हा विचारावे, नाहीतर 'माहीत नाही' ही खूण करावी. उलट, एका घरी चौदा माणसे लिहिली आहेत. हे चमत्कारिक वाटते, पण खरे असू शकते.

चमत्कारिक आकडा पाहून एकदम बाजूस सारू नये, याचे मोठे उदाहरण दक्षिण ध्रुवाकडचे आहे. तेथल्या हॅली या ठाण्यावर ब्रिटिश शास्त्रज्ञ अनेक वर्षे जमिनीवरून ओझोन वायू मोजीत होते. फारमन, गार्डिनर आणि शँक्लिन या तिघांनी १९८५ साली जाहीर केले की, तेथे वसंत ऋतूत ओझोन फार मोठ्या प्रमाणावर घटत आहे. अमेरिकेचा उपग्रह त्याच आकाशावरून फिरत होता, आणि त्यालाही हे कमी आकडे मिळाले होते. पण ठरावीक मर्यादेखालचे आकडे संशयास्पद अशी खूण करण्याची त्याच्या गणनेत व्यवस्था होती. आकडे नष्ट केलेले नव्हते, ही चांगली गोष्ट. म्हणूनच पुढे ते पुन्हा काढून पाहता आले, आणि ती घट खरी असल्याचा पुरावा त्यांतच सापडला. दोन वर्षांत, १९८७ साली, माँट्रियल येथे ओझोनच्या रक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार झाला. कीर्द जपून ठेवल्याचे फळ ते हे.

यंत्रावर काम करणाऱ्यांस एक सूचना द्यावीशी वाटते. यंत्र फार आज्ञाधारक आहे, पण ते आपली चूक बोलून दाखवीलच असे नाही. २०२० च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात, कोरोनाच्या साथीत, इंग्लंडमध्ये आठ दिवसांतले १५,८४१ बाधित लोक रोजच्या आकडेवारीतून गळाले. कारण असे की, माहिती एका जुन्या पद्धतीच्या तक्त्यात घातली जात होती आणि त्या तक्त्यात सुमारे पासष्ट हजारच ओळी मावतात. पुढच्या ओळी मुकाट्याने गळून पडल्या. ज्यांची नावे गळाली त्यांना स्वतःचा निकाल कळला होता, परंतु त्यांच्या सहवासात आलेल्या माणसांना सावध करण्यास उशीर झाला. हे टाळण्याचा उपाय एखाद्या किराणा दुकानदारासही ठाऊक आहे : आत किती आले आणि बाहेर किती निघाले, याचा ताळा. सव्वाशे घरे लिहिली होती, तर खतावणीत सव्वाशे ओळी आहेत का? बैलांची बेरीज कीर्दीत आणि खतावणीत एकच येते का? हा ताळा प्रत्येक पायरीनंतर घ्यावा. आणि शक्य असेल तर दहा घरी दुसऱ्या माणसास पुन्हा पाठवावे, आपली उत्तरे त्याला न दाखवता. प्रा. महालनोबीस यांनी आपल्या पाहण्यांत हे तत्त्व मोठ्या पद्धतशीरपणे वापरले : एकाच भागात दोन स्वतंत्र पथके, आणि दोघांच्या उत्तरांची तुलना. दोन उत्तरांतले अंतर पाहिले, म्हणजे आपल्या मोजणीवर किती विसंबावे हे कळते.

शेवटी एक गोष्ट, जी पुस्तकांत थोडक्यात येते, पण मला मोठी वाटते. ज्याच्या दारी आपण जातो, तो आपला वेळ आणि आपली खाजगी माहिती आपल्याला फुकट देतो. त्याला आपण आधी सांगावे की हे कशासाठी विचारतो आहोत. त्याने नाही म्हटले, तर तो त्याचा हक्क आहे. तेही उत्तर 'सांगितले नाही' म्हणून लिहावे. नावे आणि पत्ते वेगळ्या कागदावर, कुलपात ठेवावेत. आणि काम संपल्यावर जे निघाले ते परत जाऊन चावडीवर वाचून दाखवावे. चुका सापडण्याचा याहून स्वस्त मार्ग मला माहीत नाही. मी माझी यादी त्या आठवड्यात चावडीवर वाचली असती, तर म्हातारीने मला तिथेच अडवले असते, आणि बैल वाचला असता.

इथे तरुण मंडळी पुष्कळ दिसतात. त्यांनी घरी जाऊन मोठा तक्ता आखू नये. एक लहान वही घ्यावी आणि तीस दिवस एकच गोष्ट मोजावी. नळाला पाणी किती वाजता आले आणि किती वाजता गेले, एवढीही पुरे. आधी ठरवा की पाणी आले म्हणजे काय : पहिला थेंब, की हंडा भरू लागेल इतकी धार? ज्या दिवशी तुम्ही झोपून राहाल, त्या दिवशी 'पाहिले नाही' असे लिहा. पाणी आलेच नाही, त्या दिवशी 'आले नाही' असे लिहा. महिनाअखेर मूळ वही बाजूस ठेवून दुसऱ्या कागदावर मांडा, ताळा घ्या, आणि तो कागद शेजाऱ्यास दाखवा. तो म्हणेल, "अहो, अमक्या दिवशी पाणी आले होते, तुम्ही गावाला होता." तिथून तुमचा खरा अभ्यास सुरू होईल.

 श्रोत्यांची मोजणी करण्यास मला कोणी सांगितले, तर जे आले ते मी मोजीन. पण ज्या खुर्च्या रिकाम्या आहेत, तेथे शून्य लिहिण्यापूर्वी ती माणसे कोणत्या कामावर गेली आहेत, याची चौकशी जरूर करीन.